जोडप्याचं कौतुक झालं, आता वाटेचंही बघा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साताऱ्याच्या ज्या जोडप्याची अमेरिकेतल्या पायी भटकंतीची बातमी तुम्ही फोटोसकट छापलीत, ती मुलगी म्हणजे आमची पुतणी आणि तो आमचा जावई, त्यामुळे आधी आभार. दिवसभर फोन चालू होते, दुकानात आलेलं गिऱ्हाईक रंगाचं शेडकार्ड बाजूला सारून आधी तेच विचारत होतं. पण बातमी परत परत वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली, ती लिहितो. जागा असली तर छापा.

हेडिंगमध्ये प्रेम, जिद्द, साहस सगळं आलं. दोघांनी पाठीवर बिऱ्हाड घेऊन वाळवंट कसं पार केलं, बर्फातनं कसे गेले तेही आलं, आणि ज्या वाटेवरनं ते चालले त्या वाटेला मात्र जेमतेम दीड ओळ. अहो मी पुतणीला आल्या आल्या विचारलं की सगळ्यात भारी काय वाटलं, मला वाटलं बर्फ म्हणेल नायतर अस्वल म्हणेल, तर ती म्हणाली, काका, रोज सकाळी तंबूच्या बाहेर आलं की वाट असायची, आणि ती पुढं कुठंतरी जाणारच आहे याची खात्री असायची. बास, हेच मला तुमच्या वाचकांपुढं मांडायचंय.

त्या वाटेचं नाव पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. मेक्सिकोच्या हद्दीला लागून कॅम्पो नावाचं गाव आहे तिथनं सुरू होते, कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं चढत जाते आणि कॅनडाच्या हद्दीवर संपते, एकूण सुमारे ४,२६५ किलोमीटर. सगळी चालायची तर पाच महिने लागतात आणि मधे हिवाळा गाठायच्या आत वर पोचायचं असतं. आमच्या दोघांना बिनपगारी सुट्टी मिळाली ती तेवढी नव्हती, म्हणून त्यांनी खालचं वाळवंट आणि त्याच्या वरचे सिएरा नेवाडाचे डोंगर असा दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा टप्पा केला. एप्रिलच्या मध्याला निघाले, जुलै लागला तेव्हा खाली उतरले. (नातेवाइकांपैकी दोघातिघांनी "अर्धवटच केलं म्हणजे" असं ऐकवलं, ज्यांनी स्वतः अजिंक्यताऱ्यावर पण गाडी वरपर्यंत नेली होती.)

तयारीचं सांगतो, कारण ते घरात आमच्या डोळ्यासमोर झालं. वजन, वजन आणि वजन. डिजिटल काटा घेऊन बसायची दोघं, टूथब्रशचा दांडा अर्धा कापला, रुमाल एकच, तंबूचं कापड तिच्या सॅकमधे आणि काठ्या, खिळे त्याच्या सॅकमधे, स्टोव्ह दोघांत एक. मी कौतुकानं कंदी पेढ्याचा अर्धा किलोचा बॉक्स आणला तर जावयानं तो काट्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघून नुसतं हसला. पेढे इथंच राहिले आणि आम्हीच खाल्ले. शेंगदाण्याची चटणी मात्र गेली, ती कशातही मिसळते आणि पोटाला आधार देते. तिकडं वाटेवरचे लोक एकमेकांना टोपणनावं ठेवतात, जावयाचं नाव "चटणी" पडलं, आणि आता सासरी सुद्धा तेच चालू झालंय.

वाळवंट म्हणलं की आपल्याला राजस्थानची वाळू दिसते. तसं नाही ते. काटेरी झुडपं, खडक, मधेच उंच डोंगर, परत खाली उतरून रखरखाट, सापाची भीती, आणि झऱ्याझऱ्यामधे कधी तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर. अशा वेळी एकेकाच्या पाठीवर पाच-सहा लिटर पाणी, म्हणजे पाच-सहा किलो, आणि त्यापुढं टूथब्रशचा कापलेला दांडा हास्यास्पद वाटतो असं तीच म्हणाली. पण ऐका, कुठल्या झऱ्याला पाणी आहे, कुठल्या टाकीत हिरवं झालंय, कुठली आटली, याची यादी चालणारे लोकच ऑनलाइन भरत राहतात. आज पुढं गेलेला माणूस मागच्यासाठी लिहून ठेवतो. ह्या एका यादीवर शेकडो माणसं वाळवंट पार करतात.

आणि मोहावी वाळवंटाच्या कडेला एक टप्पा असा आहे जिथं वाट चक्क लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्यावरनं जाते. १९१३ साली झालेला तो कालवा, लांबवरच्या ओवेन्स खोऱ्यातलं पाणी शहराला नेतो आणि त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी त्यावरनं केवढी भांडणं केली. इथं तो वरनं काँक्रीटनं झाकलेला आहे. दिवसा ऊन सोसत नाही म्हणून लोक रात्री हेडलॅम्प लावून चालतात. म्हणजे पायाखाली पाणी वाहतंय, आणि प्यायला थेंब नाही, बाटलीतलं मोजून प्यायचं. आपल्या दुष्काळी माण-खटावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या शेताशेजारनं दुसऱ्याच्या पाण्याची पाइपलाइन गेलेली त्यानं कित्येक वर्षं बघितलीय.

मग सिएरा. फॉरेस्टर पास म्हणून खिंड आहे, ४,००९ मीटर, आख्ख्या वाटेतली सगळ्यात उंच जागा. जूनमधे सुद्धा बर्फ. पहाटे तीनला उठून चालायला लागायचं, कारण सकाळी बर्फ कडक असतं आणि बुटाखाली लावलेले खिळे धरतात, दुपारी ते मऊ पडलं की मांडीपर्यंत पाय आत जातो. ओढे पण पहाटेच ओलांडायचे, दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी पाणी फुगतं. सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडायचा, पडलाच तर सॅक टाकून देता यावी म्हणून. इथं म्हणे दोघांचं लग्न झाल्यापासूनचं सगळ्यात मोठं भांडण झालं, आधी कोण ओलांडणार यावरनं. खाण्याचं सगळं सामान जाड प्लास्टिकच्या एका डब्यात, अस्वलाला उघडता येत नाही असा, तो बाळगणं तिथं बऱ्याच भागात सक्तीचं आहे, आणि रात्री तो तंबूपासून लांब ठेवायचा. झोपताना भूक लागली की डब्यापर्यंत अंधारात जायचं कोणी, यावर दुसरं भांडण.

हे सगळं वाचायला मजा येते. पण साहेब, ही वाट आपोआप झालेली नाही ना. १९३२ साली क्लिंटन क्लार्क नावाच्या माणसानं कल्पना मांडली, मग १९३५ ते १९३८ वायएमसीए या तरुणांच्या संस्थेतल्या पोरांनी टप्प्याटप्प्यानं चालून मार्ग शोधला. १९६८ ला कायदा झाला, त्यात ही आणि पूर्वेकडची अॅपलेशियन ट्रेल अशा दोन वाटा पहिल्यांदा राष्ट्रीय म्हणून धरल्या. आणि ही पुरी जोडून झाली असं जाहीर व्हायला १९९३ उजाडलं. रुंदी किती, तर माणूस नायतर घोडा जाईल एवढी. मोटारसायकल सोडा, सायकलला पण बंदी. दरवर्षी हिवाळ्यात झाडं पडतात, कडे ढासळतात, ते नीट करायला सरकारी माणसं असतात तसे हजारो स्वयंसेवक येतात, आणि राखीव रानात मोटारचं करवत चालवायचं नाही असा नियम असल्यामुळं दोघांनी दोन बाजूंनी ओढायचं जुन्या पद्धतीचं करवत घेऊन ओंडके कापतात. लांब टप्प्याचं परमिट फुकट आहे, पण मेक्सिकोच्या बाजूनं दिवसाला ५० च लोकांना, आणि ते आदल्या हिवाळ्यातच ऑनलाइन काढावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणमधे पाचशेच्या आत. आणि ह्या दोन टोकांना जोडणारी डोंगररांग देवानं आधीच आखून ठेवलीय, शंभू महादेवाची रांग, महाबळेश्वरकडनं फुटते आणि पूर्वेला शिखर शिंगणापूरपर्यंत जाते. तिच्यावर नायतर तिच्या फाट्यांवर ओळीनं गड बसलेत: पाचगणीच्या पुढं वैराटगड, हायवे ओलांडला की चंदन-वंदन, मग कल्याणगड, वर्धनगड, महिमानगड, वारुगड, आणि शेवटी शंभू महादेव. सरळ रेघ मारली तर शंभरेक किलोमीटर, वळणं धरून दीडशेला जाईल असा माझा अंदाज. पश्चिमेला जांभूळ, हिरडा, अंजनीचं दाट रान, पूर्वेला पोचेस्तोवर कुसळं आणि बोरी-बाभळी. डोंगर आणि वाळवंट म्हणून कॅलिफोर्नियाला जायला नको, एसटीच्या तिकिटात होतंय.

आल्यावर दोघांच्या डोक्यात हेच आलं, आणि दिवाळी झाल्यावर ते पाचगणीतनं निघाले सुद्धा. सॅक तीच, तंबू तोच. शिंगणापूरला पोचले, पण कसे ते ऐका. वैराटगडाकडं जाणारी जुनी पायवाट मधेच तारेच्या कंपाउंडला जाऊन थटली, पलीकडं प्लॉटिंग, गेटवर वॉचमन. फिरून जायचं तर डांबरी रस्ता. हायवे ओलांडायला अर्धा तास उभं. एका ठिकाणी रान राखीव आहे का, परवानगी लागते का, विचारायला एका कार्यालयात गेले तर तिथनं दुसऱ्याकडं, दुसऱ्यानं सांगितलं अर्ज द्या, कशासाठी ते लिहा, आणि "चालण्यासाठी" असं लिहिल्यावर तो माणूस बराच वेळ कागदाकडं बघत बसला. आणि गावोगाव एकच प्रश्न, "गाडी बंद पडली का ओ?" त्याच्यामागनं दुसरा, "दोघंच? नवरा-बायकोच ना?" पुतणी म्हणते अमेरिकेत कोणी लग्नाचं विचारलं नाही, फक्त आज किती मैल झाले विचारायचे.

माणसं वाईट नाहीत हां. हे लिहायलाच पाहिजे. संशय फिटला की त्याच माणसानं चहा दिला, भाकरी-पिठलं दिलं, देवळाच्या ओवरीत झोपा म्हणला, बायकोला सांगून पोरीसाठी घरातलं न्हाणीघर उघडून दिलं. तिकडं अशा अनोळखी मदत करणाऱ्यांना ट्रेल एंजल म्हणतात, कोणी पाण्याचे कॅन ठेवतं, कोणी गावापर्यंत गाडीत सोडतं. आपल्याकडं चैत्रात शिंगणापूरच्या मुंगी घाटातनं कावडी वर चढतात तेव्हा बघा, ओळखपाळख नसताना हाताची साखळी करून वर घेतात एकमेकाला. ती माया आहेच. वाट नाही.

लगेच कोणीतरी म्हणेल की आपली वारी आहे की, आपल्याला काय शिकवता. वारीबद्दल आदर आहे, आमच्या घरातनं पालखीबरोबर लोणंद ते फलटण कोणी ना कोणी जातंच. पण वारीत सामान ट्रकमधे असतं, टँकर असतो, दिंडी असते, तारखा ठरलेल्या असतात आणि रस्ता डांबरी. दोन माणसांनी नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी उठून स्वतःचं ओझं घेऊन डोंगरानं चालावं, ही गोष्ट वेगळी.

ती गोष्ट आपल्याकडं कोण करतं माहितीय का? मेंढपाळ. माण-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वाठारच्या पुढं आमच्या थोरल्या भावाची शेती आहे, तिथं दरवर्षी एक जोडपं कळप बसवायला येतं. घोड्यावर पातेली, पीठ, अंथरूण, वरती पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि नुकतं जन्मलेलं कोकरू बाईच्या कडेवर. आल्या आल्या गडी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावतो, बाई तीन दगड मांडते, आणि अर्ध्या तासात भाकरी तव्यावर. सकाळी वावरात लेंड्या आणि चुलीचे काळे दगड सोडले तर काय राहत नाही. पुतणी-जावई शिंगणापूरला चालले होते तेव्हा ह्याच बाईनं त्यांना सांगितलं की वारुगडाच्या अलीकडं कुठल्या टाक्यात पाणी राहतं आणि कुठलं दिसायला भरलेलं असलं तरी घाण झालंय. तिकडच्या ऑनलाइन यादीत जे असतं ते हिच्या डोक्यात. तिच्या सॅकचं, म्हणजे घोड्याचं, वजन कोणी काट्यावर केलं नाही आणि तिच्यावर रविवारची पुरवणी पण निघाली नाही, तुम्ही काढलीत तर बरं होईल. पण माझं म्हणणं एवढंच की ही वाट कधी आखायची झाली तर पहिल्यांदा ह्या लोकांना विचारून आखा, कन्सल्टंट नंतर. आणि वाट झाली म्हणून त्यांच्या मेंढरांना अडवायचं नाही हे आधी ठरवा, नायतर आपल्याकडं सुधारणा म्हणलं की पहिला दंड त्यांनाच बसतो.

मला भीती दुसरीच आहे. हे पत्र वाचून कोणाला तरी प्रोजेक्ट सुचेल. मग कोटीचं टेंडर, पेव्हर ब्लॉक, कमान, कमानीवर फोटो, आय लव्ह अमुक गड, सेल्फी पॉइंट, काचेचा पूल. कृपा करा. तिकडच्या एवढ्या मोठ्या वाटेवर कित्येक ठिकाणी खांबावर एक छोटी खूण एवढंच असतं. आपल्याला लागतंय काय, तर दगडावर रंगाची खूण, कुठं पाणी आहे त्याचा साधा बोर्ड, परवानगी लागत असेल तिथं ती एकाच ठिकाणी मिळावी, आणि जुनी वहिवाटीची वाट कोणी तार लावून बंद केली असेल तर तहसीलमधे त्याचं ऐकून घ्यावं. झोपायला देऊळ आणि शाळा आहेत. बायकांसाठी संडासची सोय मात्र पाहिजे, ते गावाच्या पातळीवर होऊ शकतं.

आणि मर्यादा पाहिजे, सुरुवातीपासून. कासला काय झालं आठवा, फुलांत गाड्या घालायचे लोक. मग कुंपण, तिकीट, ऑनलाइन बुकिंग आलं आणि आसपासच्या गावांच्या समितीनं ते चालवलं, कुरकुर झाली पण पठार वाचलं. वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीनं जायचं, वनखात्याची परवानगी काढायची, संध्याकाळच्या आत परत यायचं, तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे त्यामुळं ते बरोबरच आहे. म्हणजे आपल्या लोकांना शिस्त लागत नाही हे मला मान्य नाही. अमेरिकेत शौचाला जायचं तरी पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा काढून, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून बरोबर न्यायचा. आमचे जावई ही पिशवी किती दिवस बाळगायचे ते सविस्तर सांगत होते तेव्हा वहिनी ताटावरनं उठल्या. पण इथं चंदन-वंदनवर त्याच माणसानं पोतंभर वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या खाली आणल्या, बरोबर आलेल्या गावातल्या पोरांनी अर्धं पोतं भरलं, कोणी सांगितलं नव्हतं.

श्रमदानाचं तर साताऱ्याला शिकवूच नका. २०१६ ला वॉटर कप या श्रमदानानं पाणी अडवायच्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी पहिला नंबर आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं आणला, सगळं गाव टिकाव-घमेली घेऊन डोंगरावर होतं. ज्यांनी उन्हाळ्यात चर खोदले त्यांना हिवाळ्यात दोन फुटी पायवाट साफ करायला काय जड आहे? गावागणिक चार-पाच किलोमीटर वाटून घेतलं तरी होतंय. शिंगणापूरला मालोजीराजांनी तळं बांधलं तेव्हा पण डोंगरावर चालत येणाऱ्याला पाणी पाहिजे एवढाच विचार असणार ना. आणि फायदा बघायचाच असेल तर हिल मॅरेथॉन बघा, २०१२ पासून माणसं लांबनं साताऱ्यात येतायत ती फक्त यवतेश्वरचा घाट पळायला, त्या दिवसांत लॉजला खोली मिळत नाही. चालणारा माणूस तर गावात मुक्काम करतो, भाकरी विकत घेतो.

पावसाळ्यात घसरतं आणि मार्चनंतर माणचं ऊन सोसवत नाही, म्हणजे चालायचे दिवस दिवाळी ते शिवरात्र. पुतणी आणि जावई पुढच्या हंगामात परत जाणार आहेत, ह्यावेळी वर्धनगड ते महिमानगड हा मधला टप्पाच नीट शोधून, कुठं पाणी, कुठं तार, ते लिहून काढायला. पुसेगाव, दहिवडीकडच्या कोणाला बरोबर यायचं असेल, विशेषतः जुन्या वाटा माहीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांना, तर तुमच्या कार्यालयात नाव देऊन ठेवलं तर चालेल का ते कळवा. दगडावरच्या खुणांसाठी पिवळा ऑइल पेंट आणि ब्रश आमच्या दुकानातनं फुकट, फक्त गडाच्या तटावर, देवळावर आणि वीरगळांवर कोणी ब्रश लावायचा नाही ही अट.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा